सारवलेल्या फटी

माझ्या हातून एकदा एक अंगण फुटलं. पाच-सहा इंच जाडीचं, रुळासारखं घट्ट बसलेलं काँक्रीटचं अंगण भर दुपारी धडाड्दिशी वीतभर वर उसळलं, तेही वर वाळत घातलेल्या संकेश्वरी मिरच्यांसकट. आणि हे सगळं माझ्या टापटिपीमुळं झालं. स्वतःला फार हुशार समजणारी बाई किती नुकसान करू शकते, याचा नमुना म्हणून त्या वर्षी मला कुणीतरी तालुक्याच्या प्रदर्शनात मांडायला हवं होतं. शेजारी भोपळा, मध्ये मी.

आज हे आठवायचं कारण समोरच चाललंय. निपाणीच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत आमचं घर. फाटकापासून मागच्या गोठ्यापर्यंत सत्तरएक फुटांचा काँक्रीटचा पट्टा आहे. गोठ्यात आता म्हशीऐवजी मुलाची मोटार असते. पट्ट्यात आडव्या पाच फटी आहेत. त्यांतलं डांबर वाळून, तडकून, खपल्या होऊन निघून गेलंय. फटीत गवत उगवतं, मुंग्या संसार थाटतात, पावसाळ्यात पाणी खाली शिरतं, आणि मोटार आत आली की पट्टा खडक्‌ खडक्‌ वाजतो. गेल्या महिन्यात तर तिसऱ्या फटीत एक मिरचीचं रोप आलं, चांगलं वीतभर उंचीचं. मुलगा, विनायक, म्हणाला, "आई, आता हे जॉइंट बदलायलाच पाहिजेत." मी म्हटलं, "बदल बाबा." आणि पाणी प्यायला आत गेले.

सकाळपासून दोन माणसं मशीन लावून फटी साफ करतायत. धूळ उडतेय. तळाशी राहिलेलं जुनं डांबर मशीनच्या घर्षणानं तापलं की त्याचा वास सुटतो. मी कट्ट्यावर पाय सोडून बसलेय, आणि तो वास नाकात शिरला की मी सव्वीस वर्षांची होते. फार भयंकर वय. सगळं येतं असं वाटतं.

माझं माहेर जांबोटीच्या पलीकडं, रानात. तिकडं पाऊस असा पडतो की दरवर्षी अंगण वाहूनच जातं. दिवाळीच्या आधी ते नव्यानं करायचं. माती घालायची, पाणी मारायचं, चोपण्यानं चोप चोप चोपायचं आणि मग शेणानं सारवायचं. सारवताना हात कसा फिरवायचा, चार बोटं एकत्र ठेवून अर्धा चंद्र कसा काढायचा, एका चंद्राच्या काठावर दुसरा कसा बसवायचा, हे मला अक्षरं यायच्या आधी यायचं. भेग दिसली की आई म्हणायची, "बघत काय बसलीस? बुजव." भेगेतून मुंगी येते, गोम येते, आणि कुणी पाहुणी आली तर घरातल्या बाईची अब्रू जाते. म्हणजे गोमेपेक्षा पाहुणी वाईट, एवढं मला लहानपणीच कळलं होतं.

आणि मग मी या घरात आले, आणि चार-पाच वर्षांनी आमच्या दारात काँक्रीट आलं. मालकांनी ट्रॅक्टर घेतला होता. मालक म्हणजे आमचे हे. पावसाळ्यात ट्रॉली फाटकातच रुतायची आणि मग निम्मी गल्ली धक्का मारायला यायची. म्हणून हा पट्टा. गल्लीतला पहिलाच. घातला सिद्राम गवंड्यानं, गावाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या. ऐन थंडीत. सकाळी तोंडातून वाफ निघायची तेव्हा तो खडी चाळत असायचा. माणूस बोलायला कमी. थापी मात्र अशी फिरवायचा की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत बसायची आणि भाकरी करपायची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, पण मी त्याला सिद्रामच म्हणायची, अरे-तुरेच करायची. तो मला वैनी म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. यात काही विचित्र आहे असं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. निदान मला तरी नव्हतं.

पट्टा वाळला. सिद्रामनं मध्ये घातलेल्या लाकडी पट्ट्या काढल्या, तर खाली दीड बोट रुंदीच्या पाच फटी. त्यानं त्यांत वाळू भरली, वरून डांबर ओतलं, आणि गेला.

मला धक्काच बसला. नवं कोरं अंगण, आणि जन्मतःच भेगा! मला वाटलं, याचं सिमेंट संपलं असणार. आमच्या आत्तींना, म्हणजे सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हायल्या असतील. गवंड्याला काय त्याचं? त्येला थोडंच हितं पापड वाळवायचं हाईत?" झालं. तज्ज्ञांचं मत मिळालं. ज्यानं त्या ठेवल्या त्याला विचारावं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. बाईमाणसानं गवंड्याशी कामातलं बोलायचं नसतं, अशी एक समजूत होती. शिवाय विचारायला आधी आपल्याला कळत नाही असं वाटावं लागतं.

फाल्गुनात उन्हं चढली आणि डांबर पाघळलं. विनायक तीन वर्षांचा होता. तो डांबरात पाय भरवून थेट देवघरात गेला, आणि तिथं लक्ष्मीच्या पावलांशेजारी त्याची काळी पावलं उमटली. ज्वारी वाळत घातली की दाणे फटीला चिकटायचे. एक कुरडई मी डांबरासकट तळली, ती पाहुण्यांच्या ताटात गेली, ते पाहुणे परत आले नाहीत. तेवढा एक फायदा. पण पुढं मिरच्यांचे दिवस येत होते. वर्षाची चटणी करायची म्हणजे पोतंभर मिरची दारात पसरणार, गल्लीतल्या बायका येता-जाता बघणार, आणि त्यांना काय दिसणार? भेगा.

एके दिवशी सगळं घर संकेश्वरला लग्नाला गेलं. माझं डोकं दुखत होतं. म्हणजे मी तसं सांगितलं होतं.

त्या दुपारी मी काय केलं ते आज सांगताना मला हसू येतं आणि घामही फुटतो. खुरपं घेतलं, रॉकेलची बाटली घेतली, आणि पाचही फटींतलं डांबर खरवडून काढलं. वाळू उपसली. गोठ्यात अर्धं पोतं सिमेंट उरलं होतं, ते घमेल्यात कालवलं. थापी कुठली? चार बोटं. अर्धे चंद्र काढत, एकावर एक बसवत, मी त्या फटी अशा सारवल्या की आई बघायला असायला हवी होती. हातातल्या बांगड्या मी काढल्या नव्हत्या, त्या ओल्या सिमेंटला टेकत होत्या. बोटांची सालं गेली. संध्याकाळी पाणी मारून उभी राहिले आणि बघितलं, तर फाटकापासून गोठ्यापर्यंत अंगण सलग. एकही रेघ नाही. मला इतका आनंद झाला की मी तिसऱ्या फटीच्या जागेवर रांगोळीसुद्धा काढली.

घरच्यांना वाटलं, सिद्राम येऊन राहिलेलं काम उरकून गेला. आत्ती म्हणाल्या, "आता बरं दिसतंय." आयतं कौतुक मनातल्या मनात खाण्याची गोडी वेगळी असते. शिवाय सालं गेलेली बोटं भाकरीच्या पिठात लपतात.

आमच्याकडच्या मिरचीच्या दिवसांचं काय सांगू? अख्खी गल्ली लाल होते. सकाळी दहाला पसरायच्या, पायानं हलवत फिरवायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या. ऊन चढलं की मिरचीचा एक गोडसर, नंतर घशात टोचणारा वास उठतो. पोरं शिंकतात, कुत्री लांबून जातात. मग देठं खुडायची, हातांची आग आग, त्या हातानं डोळा चोळला की बाईचं दिवसभराचं रडणं एकदाच उरकतं. मग डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत, नंबर लावायचा. अजूनही उन्हाळा आला की डंकावरून उठणारा तो खकाणा वाऱ्यावर येतो आणि मी खोकत खोकत खूश होते.

त्या वर्षी वैशाखात एका संध्याकाळी वळवाची सर येऊन गेली. आम्ही धावत मिरच्या गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की जणू आदल्या दिवसाचा सूड. मिरच्या परत पसरल्या. दुपारी दोनच्या सुमाराला मी आणि आत्ती सोप्यात बसून शेवया करत होतो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

आणि आवाज झाला.

खाणीतला सुरुंग घरात उडाल्यासारखा. हातातला पाट उडाला. बाहेर बघते तर पट्टा मधोमध वर आलेला, दोन्ही बाजूंचं काँक्रीट एकमेकांवर कपाळ टेकवून छपरासारखं उभं, आणि त्याच्यावर लाल धुरळा. मिरच्या हवेत उडून खाली येत होत्या. विनायक टाळ्या पिटत होता. अख्खी गल्ली धावत आली, आणि आलेला प्रत्येक माणूस आधी "काय झालं?" म्हणायचा आणि मग शिंकायचा. कुणाला काही सुचत नव्हतं. पन्नास माणसं तोंड उघडं टाकून उभी, डोळ्यांतून पाणी, मध्ये मध्ये फटाफट शिंका. आत्ती आत गेल्या, हळद-कुंकू घेऊन आल्या आणि वर आलेल्या काँक्रीटला वाहून म्हणाल्या, "आगं आई गं, भुई फुगली! काय चुकलं असंल तर पदरात घे."

काय चुकलं होतं ते मला दिसत होतं. नेमकी तिसरी फट. जिच्यावर मी सर्वांत जास्त माया केली होती, जिच्यावर रांगोळी काढली होती, तीच. का ते कळत नव्हतं, पण मी हात पदराखाली घेतले. वैशाखातल्या दुपारी मला थंडी वाजत होती.

सिद्रामला बोलावणं गेलं. तो आला, बघत उभा राहिला. मालक म्हणाले, "सिमिट खाल्लंस व्हय रं? वाळूच भरलीस सगळी?"

"सिमिट पुरं घातलंय, मालक," सिद्राम म्हणाला.

"मग ह्ये काय आपोआप उडलं? पोतं कुठं इकलंस सांग."

तो परत तेवढंच म्हणाला, "पुरं घातलंय." आणि खाली बसला. फुटलेल्या सांध्यातलं एक ढेकूळ उचललं, उलटसुलट करून बघितलं. मग मान वर केली आणि क्षणभर दाराकडं बघितलं. दारात मी. हात पदराखाली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एवढंच. "मी बुजवलंय" हे दोन शब्द. शेवयांपेक्षा सोपे. पण समोर आत्ती होत्या, मालक होते, पन्नास शिंकणारी माणसं होती, आणि मी सव्वीस वर्षांची हुशार बाई होते. मी आत जाऊन चहा ठेवला. सिद्रामचा कप खिडकीच्या फळीवर वेगळा असायचा, निळ्या काठाचा. त्यात ओतून दिला. त्यानं पिऊन, विसळून फळीवर ठेवला.

पुढचे आठ दिवस तो फुटलेलं काँक्रीट फोडत होता आणि नवं घालत होता. मजुरी त्यानं मागितली नाही, कुणी देऊही केली नाही. ते ढेकूळ त्यानं खाली टाकलं आणि वर खडी ओतली, हे मी खिडकीतून बघितलं. बाकीच्या चार फटीही त्यानं न बोलता उकरल्या, वाळू घातली, डांबर ओतलं. जाताना मला एकटीला गाठून हळूच म्हणाला, "वैनी, ह्या बुजवू नगासा. उन्हात काँक्रीट अंग ताणतंय, त्येला जागा लागती." मी मान अशी हलवली की जणू मला हे काशीतल्या गंगेच्या पाण्याबद्दल सांगितलं जातंय. आणि मनात म्हटलं, सुटले! मठ्ठ आहे बिचारा, याला काही कळलेलं नाही.

हो, मठ्ठ. कोण मठ्ठ ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

गल्लीतल्या ज्या दोन घरांनी सिद्रामला अंगण सांगितलं होतं, त्यांनी दुसरा गवंडी बघितला. आणि गल्लीला एक नवा शब्द मिळाला. पुरी टम्म फुगली की बायका म्हणायच्या, "सिद्रामचं अंगण झालं बघ!" कुणाचा गाल सुजला, कुणी रुसून फुगून बसलं, की सिद्रामचं अंगण. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसायचं? मी. कोपऱ्यावरच्या पारूआक्का तर म्हणायच्या, "हिला बगा, हिचंच अंगण फुटलं आन हीच हसतीया." हसण्याच्या आड लपायला फार जागा असते.

सिद्राम नंतर दिसेनासा झाला. मी चौकशी केली नाही.

यंदा विनायक म्हणाला, "ज्यानं घातलं त्यालाच विचारूया की." त्यानं नंबर मिळवला, फोन लावला, तर उचलला मुलीनं. दीपा तिचं नाव. सिद्रामची एकुलती एक. सिव्हिल इंजिनियर, बेळगावात स्वतःचं ऑफिस. दोन दिवसांनी ती आली, स्वतः गाडी चालवत. डोक्याला पिवळं हेल्मेट, हातात टेप. पट्ट्यावर उकिडवी बसून फटीत बोट घालून बघायला लागली, तेव्हा मला वाटलं, ही बसण्याची ढब मी कुठंतरी बघितलीय.

आज काम सुरू झालं आणि ती वडिलांनाही घेऊन आली. "बाबांनी हट्टच धरला, मला बघायचंय म्हणून." सिद्राम काठी टेकत उतरला. पांढरा शर्ट, केस सगळे पांढरे. मी उठले आणि तोंडातून निघालं, "या आण्णा, बसा." विनायकनं माझ्याकडं बघितलं. मीच माझ्याकडं बघितलं. पस्तीस वर्षांनी माझ्या जिभेला वय आलं होतं.

सुनेनं चहा आणला. ट्रेमध्ये सगळे कप सारखे. तो निळ्या काठाचा कप कधी फुटला, की कुणी टाकला, मला आठवत नाही. फळीवर वेगळा ठेवला कुणी होता, ते मात्र आठवतं.

दीपा मला समजावून सांगत होती, कारण मी विचारत होते, आणि मी विचारत होते कारण गप्प बसवत नव्हतं. "काकू, हा फोमचा दोर आधी आत दाबायचा. वर हा रबरासारखा मसाला भरायचा. उन्हात काँक्रीट वाढलं की हा दबतो, थंडीत आकसलं की ताणतो."

"आणि कुणी सिमेंटनं बुजवलं तर?" मी विचारलं. खोडी जात नाही.

ती हसली. "असं कोण करंल, काकू?"

मी कप तोंडाला लावला.

"पण बाबांनी मला पहिला धडा हाच दिला," ती म्हणाली. "फट ठेवायची, आणि का ठेवली ते घरातल्या बाईला सांगायचं. मालकाला नव्हे, बाईला. मी विचारलं का, तर सांगत नाहीत."

मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "लहानपणी बाबांबरोबर जायचीस का गं कामावर?"

"कुठलं! मी दुसरीत असताना बाबा गोव्याला गेले. इथं काम मिळंना झालं हुतं म्हणं. परत आले तेव्हा मी सातवीत. मधल्या वर्षांत गणपतीला नि यात्रेला यायचे, तेवढंच. एकदा तर मी वळखलंच नाही, आईला हाक मारून म्हटलं, कोण तरी पावणा आलाय." ती हे सहज सांगत होती, टेप गुंडाळत. मग फोन आला म्हणून फाटकाकडं गेली.

दुसरी ते सातवी. माझ्या एका सलग अंगणासाठी.

आत्ती गेल्या त्याला वीस वर्षं झाली. हे जाऊन आठ. ज्यांच्या धाकानं मी गप्प बसले, ते दोघंही कधीच निघून गेले होते. तरी माझं तोंड बंद ते बंदच. म्हणजे धाक कुणाचा होता? इतकी वर्षं मी ही गोष्ट मनातल्या मनात स्वतःला गंमत म्हणून सांगत आले, मिरच्या उडवत, आत्तींचं हळद-कुंकू रंगवत. त्यात गोवा नव्हता. त्यात बापाला पाहुणा म्हणणारी पोर नव्हती.

मशीन थांबलं होतं. माणसं तिसऱ्या फटीत दोर बसवत होती. मी खुर्ची ओढून सिद्रामआण्णांच्या समोर बसले. विनायक शेजारीच उभा होता, असू दे म्हटलं.

"आण्णा, त्या वर्षी या फटी मी बुजवल्या होत्या. सिमेंटनं. माझ्या हातानं."

विनायकच्या तोंडून फक्त "आई?" एवढंच आलं.

सिद्रामआण्णांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. "ठाव हाय की," ते म्हणाले.

"ठाऊक आहे?"

"गवंडी थापीनं भरतोय, वैनी, बोटानं न्हाय. त्या ढेकळावर चार बोटांचं सारवण हुतं, आन बाजूला बांगडीचा वळ. लई सुबक सारवलं हुतं." आणि ते हसले. खरंच हसले. मीही हसायला लागले, इतक्या वर्षांचं ओझं असं चहाबरोबर उतरतंय म्हणून. लाजही वाटली आणि थोडी, काय लपवायचं, शाबासकीही वाटली.

त्या भरात मी विचारून बसले, "मग आण्णा, तेव्हाच बोलला का नाहीत?"

त्यांनी बशी खाली ठेवली. हसणं गेलं नव्हतं, पण डोळ्यांत नव्हतं. मागं फाटकाशी दीपा फोनवर कुणाला तरी खडीचं माप सांगत होती. तिच्याकडं एकदा बघून ते म्हणाले,

"वैनी, सिमिटाचा चोर तर मी झालोच हुतो. खरं बोललो असतो, तर वर खोटारडाबी ठरलो असतो."